न्हाणीच्या पाण्यावरचे लिंबू



पत्रकात आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, हे मी जाणून आहे. याच व्यासपीठावरून राज्यांच्या उदयास्तांवर आणि मोठ्या माणसांच्या चरित्रांवर बोलणे होते. तेथे उभे राहून मी गच्चीवरच्या कुंडीतील लिंबावर बोलणार आहे! परंतु इतिहास म्हणजे केवळ तख्ताचा इतिहास नव्हे. तख्तावर बसणाऱ्याच्या ताटात लिंबाची फोड कोठून आली, आणि त्या झाडाला पाणी कोणाच्या हुकमाने मिळाले, हाही इतिहासच आहे. बीडसारख्या जिल्ह्यात तर तो फार जवळचा आहे, कारण आपल्याकडे कोणत्याही झाडाची हकीकत सांगू लागले की ती अखेर पाण्याची हकीकत होते.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्या भागात नुसते 'लिंब' म्हटले की कडुलिंब समजावयाचा. आंबट फळाच्या झाडाला आपण लिंबोणी म्हणतो. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर जुने कागद वाचताना फसगत होते. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आपणांस ठाऊक आहे. १७१५ च्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात गडांच्या प्रकरणी झाडांविषयी सूचना आहेत. गडावर असलेली झाडे राखावी, नवी लावावी, असे सांगताना अमात्य थोर वृक्ष आणि लहान वृक्ष असे दोन वर्ग करतात. आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ हे थोर. लहानांच्या वर्गात निंबे आणि नारिंगे. आता ही 'निंबे' म्हणजे कडुलिंब असे कोणी म्हणेल, तर ते पटण्याजोगे नाही. कडुलिंब काही लहान वृक्ष नव्हे, आणि नारिंगाच्या शेजारी त्याचे नाव येण्याचे कारणही नाही. म्हणजे जेथे पावसाच्या टाक्यांतले पाणी मोजून वापरावयाचे, त्या गडावरही लिंबोणी आणि नारिंग लावावे, जतन करावे, असे एका राज्यकर्त्याला वाटत होते. घेरा पडला म्हणजे गडावर बाहेरची भाजी येत नाही, हे अमात्यांसारख्या अनुभवी माणसाला सांगावयास नको होते. इंग्रजांच्या आरमारातील जेम्स लिंड या वैद्याने हिरड्या सुजणाऱ्या खलाशांना नारिंगे व लिंबे देऊन त्यांचा गुण पडताळला तो १७४७ साली.

या कुळाचे मूळ घर हिमालयाच्या आग्नेयेकडील पायथ्याशी, आसाम, मेघालय, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत या टापूत होते, असे अलीकडच्या आनुवंशिक अभ्यासावरून दिसते. आज बाजारात दिसणारी बहुतेक जात महाळुंग, पपनस आणि संत्रे या तीन मूळपुरुषांच्या संकरातून निघाली. आपले कागदी लिंबू हे त्यांतल्या महाळुंगाचे आणि पूर्वेकडच्या एका रानटी लिंबाचे अपत्य. संस्कृतातला 'नारंग' फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज' आणि स्पॅनिश भाषेत 'नरांहा' होऊन इंग्रजांच्या 'ऑरेंज'पर्यंत पोचला. उलट दिशेने आलेले नाव म्हणजे मोसंबी, ती मोझांबिकच्या नावावरून. महाळुंगाचा मान मात्र आपल्याकडे सर्वांत जुना. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीच्या हातात जे फळ आहे ते महाळुंगच. देवीच्या हाती आंबा नाही, केळे नाही, जाड सालीचे आणि बेताच्या रसाचे हे फळ आहे. त्याचे कारण शोधणे हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय होईल.

आता आपल्या गावाकडे येऊ. सोलापूरच्या रस्त्याला लागले म्हणजे खजाना बावडी लागते. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली आहे, आणि पाहुण्यांना दाखविलीही आहे. अहमदनगरच्या (म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीतील मूर्तिजा निजामशहाच्या कारकीर्दीत, १५६५ ते १५८८ या काळात, येथील जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली आणि राजा भास्कर या कारागिराने ती रचिली. विहिरीत दोन बोगद्यांतून पाणी येते आणि तिसऱ्या बोगद्यातून ते बलगुजारच्या शिवाराकडे जाते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाहीत. जमिनीचा उतार ओळखून पाणी आपल्या पायांनी चालत जाईल अशी व्यवस्था केलेली. दुष्काळातही हिचे पाणी टिकते ही तिची ख्याती, आणि 'खजाना' हे नावही त्यावरूनच शोभते. पुढे मलिक अंबरने खडकीस, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खेळविला तो याच विद्येचा मोठा प्रयोग.

या नहरांमागे बागा आल्या. दख्खनच्या कोरड्या पठारावर नारिंग, संत्रे, मोसंबी यांसारखी वर्षभर पाणी मागणारी झाडे उभी राहावयाची तर त्यांच्यामागे कोणीतरी सत्ताधीश हवा, अशी ती परिस्थिती होती. ज्वारी पावसावर येते, करडई दवावर येते, आणि बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ तर कोणी न विचारताही येते. (बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या झाडाला आपण कधी घागरभर पाणी घातले नाही, त्याने आपल्या जिल्ह्याचे नाव काढले!) संत्र्याचे तसे नाही. नागपूरचे संत्रे म्हणून जे जगभर ओळखले जाते ते मूळचे आपल्याच मराठवाड्याचे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अठराव्या शतकात रघुजीराजे भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपे नेऊन आपल्या वाड्यामागच्या बागेत लावली, असे परंपरेने सांगतात. वाड्यामागची बाग म्हणजे परसच! राजाचा झाला म्हणून काय झाले. विदर्भातील हजारो एकरांच्या बागा, नागपूरची केंद्रीय संशोधन संस्था, गाड्या भरभरून जाणारा माल, हा सगळा पसारा एका घराच्या मागच्या अंगणातून निघाला. आपण त्यांना रोप दिले आणि ते विसरून गेलो. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या विहिरींना पाणी होते, ते आपल्यापाशी नव्हते, एवढाच काय तो फरक.

झाड कुंडीत लावण्याची हौसही प्रथम राजेलोकांचीच, आणि तिचे सर्वांत भपकेदार उदाहरण फ्रान्सचे आहे. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ या काळात मान्सार या वास्तुशिल्पज्ञाकडून नारिंगांसाठी एक भले थोरले घर बांधविले. तेथे नारिंगाची झाडे लाकडी पेट्यांत लावलेली असत. पेटीच्या बाजू बिजागऱ्यांवर उघडाव्या, मुळ्या छाटाव्या, माती बदलावी आणि पुन्हा बंद कराव्या, अशी सोय. ऑक्टोबरात थंडी पडू लागली की शेकडो पेट्या आत न्यावयाच्या आणि मे महिन्यात पुन्हा उन्हात आणावयाच्या. हा क्रम तेथे आजही चालू आहे. राजाच्या आरसेमहालात तर नारिंगे चांदीच्या कुंड्यांत होती. १६८९ साली लढाईच्या खर्चासाठी ती चांदी वितळवावी लागली. नारिंगे कोठे गेली असतील ती असोत, कुंड्यांची नाणी झाली!

तिकडे कुंडी आली ती थंडीमुळे. झाडाला चालता येत नाही, म्हणून पेटीला चालते केले. आपल्याकडे ती पाण्यामुळे आणि जागेमुळे आली, आणि फार उशिरा आली. कारण तोपर्यंत आपल्या मध्यम स्थितीतल्या घरांपाशी त्याहून चांगली युक्ती होती.

ती युक्ती म्हणजे न्हाणी. ज्यांचे बालपण वाड्यांत गेले त्यांना हे चित्र आठवेल. वाड्याच्या मागच्या बाजूस न्हाणीघर, त्यात दगडी पाट, तांब्याचा बंब, आणि भिंतीच्या तळाशी एक भोक. त्या भोकातून पाणी बाहेर पडे ते अळवाच्या वाफ्यात, तेथून केळीच्या आळ्यात, आणि शेवटी, थोडे निवळून आणि थोडे मुरून, लिंबोणीच्या बुडाशी. हा क्रम कोणी ग्रंथात लिहिलेला नव्हता, परंतु तो अत्यंत शहाणपणाचा होता. अळू आणि केळ यांना पाय ओले चालतात. लिंबोणीला ते मुळीच चालत नाहीत. तिच्या मुळ्यांशी पाणी तुंबले की बुंध्यातून डिंक येऊ लागतो. म्हणून तिची जागा सर्वांत शेवटी आणि किंचित उंचावर. माणसे अंगाला शिकेकाई, हळद, पीठ लावीत आणि भांडी राखेने घाशीत. त्या पाण्यात झाडाला बाधेल असे फारसे काही नसे. सलाबतखानाने जे कोसभर बोगदा खणून केले, ते आमच्या आजीने भिंतीच्या एका भोकाने केले होते. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरावयाचे, आणि उतार आपल्या बाजूने वळवून घ्यावयाचा.

१९७२ च्या दुष्काळात मी शाळेत होतो. मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी आणि शाळेतली सुकडी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना त्या वर्षाबद्दल अधिक सांगणे नको. वाड्याची विहीर माघातच तळाला गेली. अंघोळ दिवसाआड झाली, मग चार दिवसांनी. न्हाणीचे भोक कोरडे पडले. अळू गेले, केळ गेली. आजीने तेव्हा घरात एक नियम केला होता. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी एका मडक्यात जमा व्हावयाचे, आणि संध्याकाळी ते लिंबोणीला. वडील एकदा त्रासून म्हणाले, "आई, माणसांना प्यायला नाही अन् तू झाडाला घालतेस?" आजी म्हणाली, "ते पाणी तू पिणार हाईस का? मग घालू दे." या उत्तरातील न्याय मला अजून पटतो. झाड त्या वर्षी फळले नाही. पण मेले नाही. पुढच्या वर्षी मात्र त्याने सगळ्या आळीला लोणचे पुरविले.

तो वाडा आता नाही. त्याच्या जागी चार मजली इमारत आहे, आणि तिच्या प्रत्येक न्हाणीचे पाणी नळातून थेट गटारात जाते. हीच बीडची, अंबाजोगाईची, परळीची, माजलगावची कथा. परस गेले आणि लिंबोणी गच्चीवर चढली. प्रथम डालड्याच्या डब्यात, मग रंगाच्या बादलीत, सिमेंटच्या कुंडीत. म्हणजे पाण्याच्या वाटेच्या शेवटी असणारे झाड आता पाण्याच्या वाटेवरून पूर्णपणे उठले, आणि तेही ज्या शहरात नळ दिवसांच्या अंतराने येतो आणि उन्हाळ्यात टँकर विकत घ्यावा लागतो, अशा शहरात.

हे कितपत योग्य, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. २०१२-१३ च्या अवर्षणात जालना जिल्ह्यातील आणि आपल्याकडच्याही मोसंबीच्या बागा वाळल्या. कित्येकांनी टँकरने पाणी घालून झाडे जगविली, कित्येकांनी स्वतः लावलेल्या बागांवर कुऱ्हाड चालविली. मोसंबीचे मोठे झाड ऐन उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी मागते. शेतकऱ्याला झाड तोडावे लागत असता शहरातल्या माणसाने गच्चीवर हौस करावी काय? माझे उत्तर असे आहे : टँकरच्या पाण्यावर करू नये. घरात एकदा वापरलेल्या पाण्यावर अवश्य करावी. कुंडीतल्या झाडाला दिवसाआड एक लहान बादली पुरते, आणि तेवढे पाणी कोणत्याही स्वयंपाकघरातून भाज्या-धान्य धुऊन निघतेच. फक्त कोणते पाणी, हे पारखले पाहिजे. साबणाच्या चुऱ्याचे पाणी चालत नाही. पाणी शुद्ध करण्याची जी यंत्रे घरोघर आली आहेत, त्यांतून बाजूला पडणारे पाणी तर लिंबोणीला मुळीच घालू नये. आपल्या बोअरचे पाणी आधीच जड, त्यातले क्षार त्या टाकाऊ पाण्यात आणखी दाट झालेले असतात, आणि हे कुळ क्षारांना फार हळवे आहे. महिन्या-दोन महिन्यांत कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात आणि पानांच्या कडा करपतात. उलट खोली थंड करण्याच्या यंत्रातून ठिबकणारे पाणी निखळ असते, ते खुशाल घालावे.

पाण्याखालोखाल प्रश्न मातीचा. आमची काळी माती कापसाला चांगली असली तरी कुंडीत ती शत्रू आहे. ओली झाली की पाणी धरून बसते, वाळली की भेगाळते आणि मुळ्या तोडते. नदीकाठचा पोयटा, थोडी वाळू, कुजलेले शेणखत, आणि तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा, हे जुने मिश्रण अजून मागे पडलेले नाही. कुंडी मातीची घ्यावी. ती पाझरते म्हणून आतून थंड राहते. वैशाखात सिमेंटच्या कुंडीची पश्चिमेकडची बाजू हाताने शिवून पाहावी, म्हणजे आतल्या मुळ्यांवर काय प्रसंग गुदरतो ते कळेल. तिला ओले पोते गुंडाळावे. व्हर्सायचे माळी हिवाळ्यात कुंडी आत नेतात, आपण उन्हाळ्यात दुपारची सावली दाखवावी.

रोपाविषयी एक इशारा देतो. रोपवाटिकेतले कलम बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेले असते. जोडाच्या खालून धुमारे फुटतात ते दांडगे, काटेरी आणि दिसावयास फार निरोगी असतात, म्हणून घरातील माणसे कौतुकाने ते राखतात. दोन वर्षांत जंबेरी शिरजोर होते, वरचे लिंबू मरते, आणि "आमचे कलम बदलले, दुकानदाराने फसविले" अशी तक्रार सुरू होते. दुकानदार बिचारा त्या बाबतीत तरी निर्दोष असतो. कागदी लिंबू बियांपासूनही चांगले येते. एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर निघतात आणि त्यांतले बहुतेक थेट आईसारखे निपजतात. मात्र फळासाठी पाच-सहा वर्षे थांबण्याची तयारी हवी. परभणीच्या आपल्या कृषि विद्यापीठाने निवडलेल्या 'प्रमालिनी' आणि 'विक्रम' या जाती घोसांनी फळतात. मराठवाड्यातल्या माणसाने तरी त्या आधी शोधाव्या.

कोवळ्या पानावर पक्ष्याने घाण केल्यासारखे काही दिसले तर नीट पाहावे. ती अळी असते. डिवचले की डोक्यामागून लालसर शिंग काढते आणि उग्र वास सोडते. मोठी झाली की हिरवी होते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. हाताने वेचणे हाच उपाय, आणि एखादी राहिलीच तर तिचे काळे-पिवळे सुंदर फुलपाखरू होते, हे समाधान. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले असे समजावे. चुनखडीच्या पाण्याने ते होते. चिमूटभर हिराकस पाण्यात विरघळवून द्यावा.

शेवटी ताणाविषयी. हा शब्द आपल्या बागाईतदारांनी घडविला आहे आणि तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. लिंबूवर्गातले झाड सुखात असले की पाने काढीत बसते. फूल यावयाचे तर त्याचे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होतात, काही गळतात, मग पाणी दिले की डोळ्याडोळ्यांतून कळ्या फुटतात. पौष-माघात ताण संपविला तर आंबिया बहार, मृगाच्या पावसाने संपला तर मृग बहार, हस्ताच्या सुमारास धरला तर हस्त बहार. आपल्याकडचा उन्हाळा हाच मोठा ताण, तो न मागता मिळतो. म्हणून मृग बहार हा कोरडवाहू मुलखाचा स्वाभाविक बहार. परंतु जमिनीतल्या झाडाला भारी मातीत महिना-दीड महिना ताण सोसतो, कारण त्याच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात. कुंडीतल्या झाडाला खाली जाण्यास वाट नाही. त्याला चार दिवस, फार तर आठ. नववा दिवस झाला की तो ताण राहत नाही, तो दुष्काळ होतो.

माझ्या गच्चीवर सध्या आजीच्या लिंबोणीच्या बियांवरून वाढविलेले एक झाड आहे. परवापासून मी त्याचे पाणी तोडले आहे. शेजारच्या वहिनी काल कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही व्याख्यान द्यायला निघालात आणि इकडं झाड मान टाकतंय की!" मी त्यांना सांगितले की शनिवारी पाणी देणार आहे. तोवर त्यांनी लपूनछपून तांब्याभर घातले नाही, तर पावसाच्या तोंडाला कळ्या येतील.